जीपीयू वन, शून्य टक्के

पुलगाव कुठे संपतं आणि नाचणगाव कुठे सुरू होतं, हे तलाठ्यालाही नकाशा उघडल्याशिवाय सांगता यायचं नाही. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यात ही दोन गावं एकमेकांना टेकून बसली आहेत. मुंबई-नागपूर मार्गावरचं स्टेशन पुलगावच्या नावाचं, लष्कराचं दारूगोळा भांडार पुलगावच्या नावाचं, आर्वीला जाणारी छोटी गाडी होती तीही पुलगावचीच. नाचणगावच्या वाट्याला नाव कमी आणि राबता जास्त.

लग्नसराईत मात्र हा भेद उरत नाही. तुळशीचं लग्न आटोपलं की दोन्हीकडे मांडव पडतात ते थेट मे महिन्याच्या उन्हापर्यंत. भटजी अर्धा तास उशिरा आला तर थोडी कुरकुर होते. शुटिंगवाला उशिरा आला तर मुहूर्तच थांबतो. नवरदेव घोड्यावरून उतरतो आणि 'नीट नाई आलं भाऊ' असं ऐकू आलं की निमूटपणे पुन्हा चढतो. वरातीतल्या मामाला आपण कोणत्या बाजूने बरे दिसतो हे आता पाठ झालेलं असतं. ड्रोन आल्यापासून तर म्हातारी माणसंही अक्षता टाकताना नवरा-नवरीकडे बघायचं सोडून आभाळाकडे बघतात.

हे सगळं शेवटी ज्याच्या टेबलावर येऊन पडतं तो मिक्सिंगवाला. तीन कॅमेरे, एक ड्रोन आणि नवरीच्या चुलतभावाचा मोबाइल ('यातलेही घ्या ना भाऊ, लय भारी आले हायेत') असा पाच-सहाशे जीबीचा ऐवज हार्ड डिस्कमध्ये घेऊन तो बसतो. पूर्वी हा गडी डेस्कटॉपवर काम करायचा. मग कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं की फोर-के करायचं असेल तर ग्राफिक कार्डवाला लॅपटॉप पाहिजे. तो नागपूरला बर्डीच्या बाजारात गेला, सत्तर-पंच्याहत्तर हजार मोजले, आणि कीबोर्डच्या कडेला एनव्हिडियाचा हिरवा स्टिकर लावलेला लॅपटॉप घेऊन आला. लॅपटॉप जुना होतो, कीबोर्डवरची अक्षरं पुसतात, पण असा स्टिकर सहसा कोणी काढत नाही. बुलेटवर नाव काढणाऱ्यांच्या मुलखात एवढी हौस क्षम्य आहे.

आणि मग एका रात्री, हळदीचा कार्यक्रम टाइमलाइनवर अडखळत अडखळत चाललेला असताना, तो टास्क मॅनेजर उघडतो. हीच चूक आहे. लग्नाआधी पत्रिका बघावी आणि लग्नानंतर बघू नये, तसंच टास्क मॅनेजरचं. २०१७ च्या शरदातल्या अपडेटपर्यंत विंडोजचा टास्क मॅनेजर ग्राफिक कार्डाचा आकडा दाखवतच नव्हता, त्यामुळे जगात पुष्कळ समाधान होतं. आता डाव्या बाजूला दोन ओळी दिसतात. जीपीयू झिरो: ७१ टक्के. जीपीयू वन: शून्य टक्के. झिरो म्हणजे प्रोसेसरच्या पोटात फुकट आलेलं इंटेलचं कार्ड. वन म्हणजे ते, हिरव्या स्टिकरवालं.

'पैसे मोजले त चालून काऊन नाई राह्यलं बे हे?'

'झोपलं असंन.'

'झोपाले आणलं का त्याले?'

वर्ध्याच्या मुलखात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. सिंदी रेल्वेचा तर बघायला लांबून माणसं येतात. लाकडाचे बैल, रंगवलेले, झुली घातलेले, काही इतके मोठे की चाकांवरून ओढायला मोठी माणसं लागतात. त्यांची मिरवणूक निघते, ओढणाऱ्या पोरांना बोजारा मिळतो, बैलाचं कौतुक होतं, आणि नांगराला त्याला कोणी जुंपत नाही. आपण बाजारातून आणला तो खिल्लारी बैल नसून हा नंदी आहे अशी शंका मिक्सिंगवाल्याच्या मनात शिरते, आणि तिथून पुढे त्याचं लक्ष हळदीवरून उडून त्या शून्यावर बसतं.

शून्यामागे एक खरी गोष्ट आहे, आणि ती एवढी साधी आहे की लॅपटॉप विकणारा ती सांगत नाही. लॅपटॉपमध्ये दोन कार्डं असणं ही बॅटरी वाचवण्याची युक्ती. मोठं कार्ड वीज पितं, म्हणून रोजच्या किरकोळ कामाला छोटं. २००६ च्या सुमारास सोनीच्या वायो एसझेड लॅपटॉपवर यासाठी चक्क एक खटका होता: एका बाजूला 'स्टॅमिना', दुसऱ्या बाजूला 'स्पीड'. खटका सरकवला की लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. गैरसोयीचं होतं, पण प्रामाणिक होतं. कोण कामावर आहे ते बोटाला कळायचं. फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने ऑप्टिमस नावाची सोय आणली आणि खटका गेला. आता कोणत्या सॉफ्टवेअरला कोणतं कार्ड द्यायचं हे ड्रायव्हर आपल्या मनाने ठरवतो. शिवाय अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये पडद्याची तार जाते ती छोट्या कार्डाकडेच. मोठ्या कार्डाने कितीही देखणं चित्र काढलं तरी ते छोट्याच्या हवाली करावं लागतं आणि छोटंच ते पडद्यावर मांडतं. सत्तर हजारांच्या पाहुण्याला दिवाणखान्यात येण्यासाठी घरच्या गड्याची परवानगी लागते, असा हा बंदोबस्त.

त्यामुळे पहिला उपाय सगळे सांगतात तो ड्रायव्हरला दटावण्याचा. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जायचं, थ्रीडी सेटिंगमध्ये प्रोग्रामांची यादी काढायची, आपलं सॉफ्टवेअर निवडायचं आणि 'हाय परफॉर्मन्स' प्रोसेसर त्याच्या नावे करायचा. एप्रिल २०१८ च्या अपडेटपासून विंडोजने स्वतःच्या डिस्प्ले सेटिंगमध्येही अशीच एक यादी उघडली. दोन याद्या म्हणजे दोन मालक. ही माहिती यूट्यूबवर 'नमस्कार दोस्तों' म्हणणाऱ्या पोरांनी घरोघर पोहोचवली आहे, आणि त्यातला निम्मा व्हिडिओ बेल आयकॉन दाबण्याविषयी असतो. उरलेल्या निम्म्यात नवा ड्रायव्हर टाकायला सांगतात. ड्रायव्हर सहाशे-सातशे एमबीचा, रोजचा डेटा दीड जीबीचा. त्या दिवशी घरातल्या कोणालाच रील दिसत नाहीत आणि कारण विचारलं की उत्तर मिळतं, 'लग्नाचं काम हाय.'

एवढं करूनही शून्य शून्यच राहिलं, तर दोष सॉफ्टवेअरकडे जातो. आणि इथे आपल्याकडची गोष्ट जगापेक्षा थोडी वेगळी होते, कारण आपल्या लग्नांचं खरं सॉफ्टवेअर एडियस आहे.

जपानच्या कोबे शहरातल्या कॅनोपस या कंपनीने ते काढलं, पुढे ते ग्रास व्हॅलीच्या नावावर गेलं. सिनेमावाले त्याचं नाव फारसं घेत नाहीत, पण भारतातलं लग्न त्याच्यावर तरलं आहे. कारण सोपं: कुठल्याही कॅमेऱ्याची, कुठल्याही फॉरमॅटची फीत त्याच्या पुढ्यात टाकली की ते कुरकुर न करता चालवतं, आणि तेही साध्या मशिनवर. त्याच्यासाठी तयार 'प्रोजेक्ट' मिळतात. नवरा-नवरीचं नाव बदललं, फोटो टाकले, की गुलाबाच्या पाकळ्या, उडणारी कबुतरं आणि सोन्याची अक्षरं आपोआप पडतात. एडियस गावात कोणत्या वाटेने आलं, हे विचारण्याची रीत नाही.

तर या एडियसचा स्वभाव असा की ते जन्मापासून प्रोसेसरच्या जिवावर चालतं. वर्षानुवर्षं एच.२६४ फाइल झटपट बाहेर काढायची म्हणजे त्याला मदत लागायची ती इंटेलच्या क्विक सिंकची, आणि क्विक सिंक राहतं त्या फुकटच्या छोट्या कार्डात. २०११ मध्ये सँडी ब्रिज प्रोसेसरांबरोबर ते आलं. महागड्या कार्डासाठी जुन्या एडियसमध्ये काम होतं का? होतं. जीपीयूच्या नावाचा एक खणच होता: पान उलटणं, चित्राचा गोळा होणं, चित्राचे तुकडे उडणं. म्हणजे मेंदीतून हळदीत जाताना पान उलटायचं असेल तेवढ्यापुरतं सत्तर हजारांच्या पाहुण्याने उठावं आणि पुन्हा बसावं. नंतरच्या आवृत्त्यांनी त्याला जास्त कामं दिली, पण गावात आवृत्ती बदलणं म्हणजे सगळे जमवलेले 'प्रोजेक्ट' पुन्हा जमवणं, तेव्हा जुनंच बरं असतं.

ॲडोबीच्या प्रीमियर प्रो या दुसऱ्या सॉफ्टवेअरची कुळकथा उलटी आहे, आणि ऐकण्यासारखी आहे. एनव्हिडियाने १९९९ मध्ये जीफोर्स २५६ बाजारात आणताना 'जीपीयू' हे नाव गाजवलं, तेव्हा हेतू होता खेळांचा. २००७ मध्ये कूडा आलं आणि खेळाचं कार्ड गणितालाही जुंपता येऊ लागलं. २०१० मध्ये ॲडोबीने प्रीमियरच्या सीएस-५ आवृत्तीत ते व्हिडिओला जुंपलं आणि त्या यंत्रणेला मर्क्युरी प्लेबॅक इंजिन असं ऐटबाज नाव दिलं. पण ते चालायचं मोजक्याच कार्डांवर, बहुतेक महागड्या क्वाड्रोंवर. बाकीच्यांनी काय करायचं? मग कोणीतरी सॉफ्टवेअरच्या फोल्डरात डोकावलं आणि त्याला एक साधी टेक्स्ट फाइल सापडली. तिच्यात मान्यताप्राप्त कार्डांची नावं एकाखाली एक लिहिलेली. त्याने ती नोटपॅडमध्ये उघडली, खाली आपल्या कार्डाचं नाव टाइप केलं, सेव्ह केलं. कार्ड चालू झालं.

यादीत नाव नाही म्हणून लाभ नाही, ही व्यवस्था महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. आश्चर्य एवढंच की इथे नाव चढवायला ना तहसील, ना सेतू केंद्र, ना 'साहेब जेवायला गेले'. फक्त नावाचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळायला हवं, आणि तेवढी अट आपल्या आधार कार्डालाही असतेच. जगभरच्या एडिटरांनी कित्येक महिने ही चाल वापरली. पुढच्या आवृत्त्यांत ॲडोबीने यादीचा हट्ट सोडला; पुरेशी मेमरी असलेलं कार्ड चालतं म्हणाले. आता प्रोजेक्ट सेटिंगमध्ये एक ओळ आहे, तिथे 'सॉफ्टवेअर ओन्ली'ऐवजी 'कूडा' निवडायचं. निवडलं की टाइमलाइनच्या माथ्यावरची लाल रेघ पुष्कळ ठिकाणी पिवळी होते. लाल म्हणजे आधी रेंडर करा, पिवळी म्हणजे बहुधा तसंच चालेल. कुंकू पुसून हळद लागल्याचा आनंद कोणाला होत असेल तर तो इथे.

पण आपला गडी अजून टास्क मॅनेजरसमोरच आहे, कारण पिवळ्या रेघेनंतरही तिथे दोन-तीन टक्क्यांच्या वर काही जात नाही. इथे एक गंमत आहे जी पुष्कळांना वर्षभर सापडत नाही. टास्क मॅनेजर कार्डाचे चार आलेख दाखवतो: थ्रीडी, कॉपी, व्हिडिओ एनकोड, व्हिडिओ डीकोड. एडिटिंगचं गणित बऱ्याचदा यातल्या एकाही डब्यात न होता 'कूडा' नावाच्या डब्यात होतं, आणि तो आलेख आपण निवडेपर्यंत समोर येत नाही. आलेखाच्या नावाशेजारी एक इवलासा बाण असतो. तो दाबून 'कूडा' निवडलं की कधी कधी एकदम साठ टक्के दिसतात. मधले सहा महिने कार्ड काम करत होतं आणि शिव्याही खात होतं. सरकारी कचेरीत नेहमी याच्या उलट घडतं.

कामाची वाटणी एकदा नीट पाहिली की रागाला जागा उरत नाही, म्हणून लोक ती पाहत नसावेत. फोर-केची एक चौकट ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. सेकंदाला पंचवीस चौकटी धरल्या तर वीस कोटींहून जास्त ठिपके. प्रत्येकाला तीन बाइट दिले तर सेकंदाला सहाशे एमबीच्या वर. कॅमेरा एवढं साठवत नाही; तो शंभर मेगाबिटच्या वेगाने, म्हणजे साडेबारा एमबीतच ते सेकंद कोंबतो. पन्नासाचा एक करतो. कसा? बहुतेक चौकटींत पूर्ण चित्र नसतंच, 'मागच्यापेक्षा एवढा फरक' एवढीच नोंद असते. मामांचा हात हलला, मागचा मांडव तसाच. त्यामुळे वरातीतली एक चौकट बघायची तरी आधीच्या पुष्कळ चौकटी उलगडाव्या लागतात, आणि तीन कॅमेरे एकाखाली एक लावले की तिप्पट. टाइमलाइन अडखळते ती बहुधा इथे, या उलगडण्यात. हे पहिलं काम. रंग, आकार, धूसरपणा, एकावर एक थर हे दुसरं, आणि इथे महागडं कार्ड खरोखर राक्षस आहे. तयार व्हिडिओ पुन्हा कोंबून फाइल करणं हे तिसरं. आपल्या लग्नात दुसरं काम कमी, पहिलं आणि तिसरं डोंगराएवढं. सरळ कापाकापी करताना जीपीयू वन पाच टक्क्यांवर असेल तर ते प्रकृतीचं लक्षण आहे.

आणि पहिल्या कामात फुकटचं कार्ड कधी कधी महागड्याच्या नाकावर टिच्चून पुढे असतं. नव्या पिढीचे सोनी-कॅननचे कॅमेरे ४:२:२, १०-बिट एचईव्हीसी अशी रंगाने समृद्ध फीत देतात. शुटिंगवाल्यांना ती आवडते कारण दाम वाढवून सांगता येतो. ही फीत उलगडायचं यंत्र इंटेलच्या अकराव्या पिढीच्या लॅपटॉपांतल्या छोट्या कार्डात होतं. एनव्हिडियाच्या जीफोर्समध्ये ते आलं २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेत. मधल्या काळात ज्यांनी लाखाचं कार्ड घेतलं त्यांची ही फीत घरचा गडीच वाचत होता. सिनेमाला ही वाटणी नवी नाही म्हणा. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'वर नाव दादासाहेब फाळक्यांचं झळकलं. घरात अंधार करून फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं ही कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत होत्या, आणि वर मंडळींचा स्वयंपाकही.

हे कोणी न सांगितल्यामुळे नाचणगावच काय, गावोगाव जो पराक्रम होतो तो आता सांगितलाच पाहिजे. मिक्सिंगवाल्याचा तर्क असा: छोटं कार्ड आहे म्हणून सगळे त्याच्याकडे जातात, ते काढून टाकलं तर जातील कुठे? झक मारून मोठ्याकडे. तर्कात खोट काढता येत नाही. मग तो डिव्हाइस मॅनेजर उघडतो, डिस्प्ले अडॅप्टरखाली इंटेलवर राइट क्लिक करतो आणि 'डिसेबल' दाबतो. विंडोज नम्रपणे विचारतं की खरंच का. तो म्हणतो, हो.

पडदा एकदा काळा होतो. परत येतो तो जुन्या टीव्हीसारखा. आयकॉन वांग्याएवढे, अक्षरं फाटलेली, आणि उजेड पूर्ण; कमी-जास्त करायची पट्टी गायब. पडद्याची तार छोट्याकडे होती ना! छोट्याला घराबाहेर काढलं तसा मोठ्याचाही पडद्याकडे जायचा रस्ता बंद झाला, आणि विंडोजने आपल्या अडीअडचणीच्या 'बेसिक डिस्प्ले'वर गाडी ढकलली. एडियस उघडावं तर एक्सपोर्टमधली हार्डवेअरची खूण करडी पडलेली, कारण क्विक सिंक छोट्याबरोबर गेलं. आधी चाळीस मिनिटांत निघणारं लग्न आता सकाळपर्यंत निघेल की नाही याची शाश्वती नाही. आणि कोपऱ्यात, वांग्याएवढ्या अक्षरांत, जीपीयू वन: शून्य टक्के.

यावर मित्र फोनवरून देतो तो सल्ला ऐकण्यासारखा असतो. 'बायोसमध्ये जाय. तिथून इंटेलच बंद कर मुळापासून.' सुदैवाने बऱ्याच लॅपटॉपांच्या बायोसमध्ये तशी सोयच नसते. काहींत असते, त्यांच्या बोर्डावर मक्स नावाचा सांधा बदलणारा तुकडा असतो आणि पडद्याची तार खरोखर मोठ्या कार्डाकडे वळवता येते. तो लॅपटॉप दहा-पंधरा हजारांनी महाग होता म्हणून बर्डीवर नाकारलेला असतो.

दुसरा सल्ला त्यामानाने शहाणा: एचडीएमआयची तार लावून टीव्ही जोडून बघ. पुष्कळ लॅपटॉपांत ते भोक थेट मोठ्या कार्डाला जोडलेलं असतं, त्यामुळे टीव्ही जोडताच कार्ड खडबडून जागं होतं. आकडा हलतो! मिक्सिंगवाला हरखतो. फक्त टीव्ही घरात एकच, वेळ संध्याकाळी साडेसातची, आणि मालिकेत आज कोणाचा तरी खरा बाप उघड होणार असतो. आईने रिमोट हातात घेऊन विचारलेल्या 'तुह्या कारडाले आत्ताच जागं व्हायचं होतं का?' या प्रश्नाला एनव्हिडियाकडेही उत्तर नाही.

मग मे महिना येतो. वर्ध्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जाणं ही बातमी नसते. लॅपटॉपचा पंखा बाहेरची हवा ओढूनच आतलं थंड करतो, आणि बाहेरचीच हवा तशी असेल तर आतल्याने काय करावं? प्रोसेसर आणि कार्ड नव्वदीच्या आसपास पोहोचले की स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतात. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला ते कार्ड अखेर कामाला लागलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच उन्हाने मंदावतं. उपाय म्हणून लॅपटॉपखाली बाटल्यांची चार बुचं लावतात, म्हणजे खालून वारा जातो. हा उपाय खरोखर लागू पडतो आणि त्याला खर्च येतो चार कोल्ड्रिंकांचा. पुढची पायरी म्हणजे लॅपटॉप थेट कूलरसमोर. ओल्या ताट्यांतून आलेली हवा माणसाला स्वर्ग, पण यंत्राच्या पोटात ती दमट वाफ आणि सरकीच्या हंगामातला कापसाचा कण मिळून जो लेप बसतो तो काढणाऱ्या दुरुस्तीवाल्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

आणि लाईन गेली तर? लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण महागडं कार्ड बॅटरीवर मुद्दाम हात आखडतं. एवढी वीज बॅटरी देऊच शकत नाही. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाचं लॅपटॉपचं कार्ड कोणी पस्तीस वॅटचं विकतं, कोणी ऐंशीचं. पातळ, देखणा लॅपटॉप निवडणाऱ्याच्या वाट्याला बहुधा पस्तीसच्या बाजूचं येतं, आणि डब्यावर हा आकडा शोधायला भिंग लागतं. नाव एक आणि वॅटमध्ये दुपटीहून जास्त फरक, तरी दोघांच्या स्टिकरचा रंग तोच.

एवढ्यातून जो पार पडतो तो दाविंची रिझॉल्व्हकडे वळतो, कारण कोणीतरी सांगतं की ते फुकट आहे आणि कार्ड पुरेपूर वापरतं. दोन्ही खरं आहे. ब्लॅकमॅजिकने २००९ मध्ये दाविंची कंपनी विकत घेतली आणि दोन वर्षांत फुकट आवृत्ती काढली. ज्या यंत्रणेवर हॉलिवूडचे रंग होत होते ती पुलगावच्या गल्लीत आली. रिझॉल्व्ह कार्डाशिवाय पाऊल टाकत नाही. इतके दिवस शून्य पाहिलेल्या माणसाला एकदम अठ्ठ्याण्णव टक्के दिसतात, आणि पाचव्या मिनिटाला पाटी येते: 'जीपीयू मेमरी फुल'. चार जीबीचं कार्ड, फोर-केची टाइमलाइन, वर नवरीच्या चेहऱ्यावर गोरेपणाचा इफेक्ट. काम मिळालं तर पोट भरलं म्हणून बसलं.

शेवटी मिक्सिंगवाला जिथे पोहोचतो ती जागा तशी बरी असते. छोटं कार्ड परत चालू केलेलं. फोर-के फितींच्या हलक्या प्रॉक्सी फाइली आधी करून घेतलेल्या, म्हणजे टाइमलाइन लोण्यासारखी. प्रीमियरमध्ये एक्सपोर्टला 'हार्डवेअर एनकोडिंग' निवडलेलं. एनव्हिडियासाठी ही सोय मे २०२० मध्ये आली. एक खोच तिथेही आहेच. दर्जा वाढावा म्हणून कोणी 'टू पास' निवडलं, की हार्डवेअर गुपचूप 'सॉफ्टवेअर' होतं आणि सगळा भार परत प्रोसेसरवर. दोन फेऱ्यांचा मोह टाळला तर दोन तासांचं लग्न पाऊण तासात बाहेर. फाइल छोटी व्हावी म्हणून एचईव्हीसी. जीपीयू वनच्या एनकोडच्या डब्यात नव्वद टक्के. मिक्सिंगवाला त्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढतो आणि स्टेटसला ठेवतो.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह पार्टीकडे जातो. सगळं घर टीव्हीसमोर जमतं, आजीला पुढे खुर्ची, शेजारचे दारात. टीव्ही नऊ-दहा वर्षांपूर्वीचा. फाइलचं नाव दिसतं, तिच्यावर बटण दाबलं की पाटी येते: हा फॉरमॅट चालत नाही. फोन वाजतो.

'भाऊ, पेनड्राइव्ह खराब हाय.'

'पेनड्राइव्ह नाई भाऊ, टीव्ही जुना हाय. एचईव्हीसी चालत नाई त्याच्यावर.'

'आमच्या टीव्हीले नावं नका ठेवू. याच्यावर थोरल्याचं लग्न चाललं होतं.'

त्या रात्री पुन्हा एक्सपोर्ट लागतो: एच.२६४, आठ-बिट, फुल एचडी. आता जुनं एडियस, क्विक सिंक, सगळं चालेल, टास्क मॅनेजर उघडायचीही गरज नाही. आणि त्यातलीही तीस सेकंदं, जिथे मामा नाचताना पडतात ती, पार्टीला वेगळी काढून हवी असतात. व्हॉट्सअॅपवर जातील एवढी बारीक करून.